दोनच्या बोटीवरचा तिरका शिक्का

ताबुची शोइची या माणसाचा मला एकवीस वर्षं राग यायचा. ते माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचे, त्यामुळे रागाला सुट्टी नसायची. काही विचारलं की आधी चष्मा पुसणार, मग "हं" म्हणणार, आणि आपण वैतागून उठायच्या बेतात आलो की मग उत्तर देणार. उत्तर बरोबर असायचं, त्याचाही राग यायचा.

आमची कंपनी ओसाकात, तेन्मा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. चार मजले, आणि खाली ताकोयाकीचं, म्हणजे ऑक्टोपसच्या गोळ्यांचं दुकान, त्यामुळे आमच्या कोटांना बारा महिने तळणीचा वास. गेम बनवणारी कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी झगमगीत उभं राहतं. आमचा आयुष्यात एकच गेम चालला, 'दोनची बोट'. त्यात तलवार नाही, बंदूक नाही, राक्षस नाही. सेतोच्या समुद्रातल्या बेटांमधून एक फेरीबोट न्यायची. म्हाताऱ्या चढतात, संत्र्यांच्या पेट्या चढतात, शाळेचे मास्तर चढतात. सगळ्यांना धक्का न बसता पलीकडे उतरवायचं, इतकंच. का कोण जाणे, लोकांना ते आवडलं आणि त्याचे तीन भाग निघाले. नाव ताबुची-सानांनी सुचवलेलं. त्यांचं गाव नागुशिमा नावाच्या बेटावर. तिथे दिवसाला दोनच बोटी, सकाळची सातची आणि दुपारची दोनची.

प्रत्येक भाग आधी कन्सोलवर यायचा, म्हणजे टीव्हीला जोडतात त्या यंत्रावर. त्यानंतर दोन वर्षांनी तो कॉम्प्युटरवर यायचा, आणि तो आणायचं काम आमच्या विभागाचं. विभाग म्हणजे ताबुची-सान, मी, आणि अधूनमधून बदलणारी दोन माणसं. रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्यात लावतात त्याला आमच्या भाषेत जो शब्द आहे, तोच या कामालाही वापरतात. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात पहिली पंगत उठली की मग आमची पानं मांडायची.

कन्सोलवाल्यांचं बरं असतं. होक्काइदोपासून ओकिनावापर्यंत घरोघरी तेच एक यंत्र, त्याच जातीचं, त्याच वेगाचं. एका ठिकाणी चाललं की सगळीकडे चाललं. कॉम्प्युटरचं तसं नाही. एकाकडे काल घेतलेला, एकाकडे सासऱ्याने टाकून दिलेला, एकाने स्वतःच जोडलेला आणि काय जोडलंय ते त्याचं त्यालाही आठवत नाही. म्हणून माझ्या टेबलामागे फळीवर अकरा जुने कॉम्प्युटर होते, निप्पोनबाशीच्या बाजारातून एकेक करून आणलेले. मी त्या अकरांवर दिवसभर बोट चालवायची आणि कुठे काय बिघडतं ते लिहून ठेवायची. हेच माझं काम. पगार घेऊन बिघाड शोधणाऱ्या बाईचा स्वभाव कसा होईल, तसाच माझा झाला.

पहिल्या भागाच्या वेळची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. गेम मूळ लिहिला होता कन्सोल विभागातल्या आशिदाने. त्याने वेळ मोजली होती चित्रांवर: कन्सोल सेकंदाला तीस चित्रं काढतो, म्हणजे तीस चित्रं झाली की एक सेकंद सरला. कन्सोलवर ते बिनघोर चाललं. आम्ही तोच गेम कॉम्प्युटरवर लावला, तर कॉम्प्युटर सेकंदाला साठ चित्रं काढायला लागला, आणि बेटावरचा काळच दुप्पट धावायला लागला. बोट सुसाट. सूर्य बघता बघता बुडाला. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्या काठ्या घेऊन धक्क्यावरून धावत सुटल्या. सगळं ऑफिस आमच्या टेबलाभोवती जमून पोट धरून हसत होतं. आशिदा स्वतः डोळे पुसत म्हणाला, "अहो ताबुची-सान, आजी काय सेलला निघाल्यात का?"

ताबुची-सान हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

"हं," ते म्हणाले. "यांना घाई नाही, हे कॉम्प्युटरला सांगावं लागेल."

ते सांगायला त्यांना चार महिने लागले. लाट, वारा, दोर, म्हातारीचं पाऊल, एकेक गोष्ट त्यांनी चित्रांपासून सोडवून घड्याळाला बांधली. त्यानंतर बोट माझ्या अकराही यंत्रांवर तेवढ्याच सावकाश चालली. अकराव्या यंत्रावर तर चित्र अडखळायचं, पण म्हातारी वेळेवरच उतरायची. वर कोणी त्यांना शाबास म्हणालं नाही, आणि त्यांनाही ते खटकलं नाही. दुपारी एक वाजता खाली उतरून ते नेहमीच्या उदोन शेवया खाऊन आले.

हा माणूस सगळ्याच गोष्टींत असा. लग्न केलं नाही. वर्षअखेरच्या पार्टीत कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या ग्लासात बिअर ओतणार. रविवारी अमागासाकीला धाकट्या भावाकडे जाणार आणि सोमवारी येऊन त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. भाऊ आहे हेच मला तेरा वर्षांनी कळलं.

तेही कसं कळलं, तर एका सोमवारी ते फुरोशिकीच्या कापडात गुंडाळलेलं एक जड गाठोडं घेऊन आले. आत लाकडी खोका, आणि खोक्यातून वर आलेला एक पितळी दांडा, मुठीला हात लागून लागून गुळगुळीत झालेला. बोटीचा वेग कमीजास्त करायचा खराखुरा दांडा होता तो. मागून वायर निघाली होती.

"निशिवाकी-सान, हे जरा तुमच्या सगळ्या यंत्रांवर चालतं का बघाल?"

"हे काय आहे?"

"दांडा."

"ते दिसतंय हो. कुणाचा?"

चष्मा पुसून झाला. "केइजीचा. भावाचा."

मग दोन दिवसांत तुकड्या-तुकड्याने कळलं. केइजी नागुशिमाच्या खऱ्या दोनच्या बोटीवर खलाशी होता, सव्वीस वर्षं. बोटकंपनीने ती फेरी बंद केली, बोट भंगारात काढली, आणि केइजीने जाताना फक्त हा दांडा मागून घेतला. पुढच्याच हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. ताबुची-सानांनी त्याला अमागासाकीला तळमजल्यावर घर घेऊन दिलं. तो दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा, आणि बसल्या बसल्या बोटकंपनीला शिव्या द्यायचा. मग ताबुची-सानांनी तो दांडा खोक्यावर बसवला, आत कळफलकाचं जुनं सर्किट घातलं, दिशेसाठी डाव्या पायाखाली शिवणयंत्राची पायटी दिली, आणि ते सगळं कॉम्प्युटरला जोडून त्याच्यासमोर 'दोनची बोट' लावली.

"चालवतो का?" मी विचारलं.

"रोज. दोन वाजता."

तिसऱ्या भागाच्या वेळी ताबुची-सानांनी गेममध्ये एक पान वाढवलं: कॉम्प्युटरला काहीही जोडा, आणि कशाने काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. त्यासाठी त्यांनी तीन आठवडे घेतले. आमच्या वरचे साहेब किताओजी-सान येऊन विचारून गेले की हे कोणासाठी चाललंय. ताबुची-सान म्हणाले, "गिऱ्हाइकासाठी." खोटं नव्हतं ते. भाग बाजारात आल्यावर पत्रं यायला लागली. एकजण पायांनी चालवत होता. एका आजोबांनी जुन्या पियानोची पट्टी जोडली होती. तोत्तोरीच्या एका बाईने हनुवटीने चालवून अख्खा गेम संपवला होता आणि तिची एवढीच तक्रार होती की संत्र्यांच्या पेट्या फार हळू चढतात. मी ती पत्रं मोठ्याने वाचायची आणि ताबुची-सान "हं" म्हणायचे. कन्सोलवर यातलं काही शक्य नव्हतं. कन्सोलला त्याच्या कंपनीने मान्य केलेला दोन हातांचा पॅडच लागतो. बाकी काही जोडलं की ओळख दाखवत नाही.

मग चौथा भाग ठरला, आणि त्यात नागुशिमा घ्यायचं ठरलं. ताबुची-सानांनी चित्रकारांना चाळीस फोटो दिले. धक्का, तिकिटाची खिडकी, एका बाजूला कललेला दोर बांधायचा खांब. हा माणूस दुसऱ्यांच्या टेबलापाशी जाऊन आपणहून बोलतोय हे मी पहिल्यांदा पाहिलं. "तो खांब सरळ काढू नका," असं म्हणाले चित्रकाराला. "केइजीने बोट आपटून वाकवलाय तो."

मी विचारलं, "भावाला सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"कधी, म्हणाला. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर यायला नेहमीसारखी दोन वर्षं लागतील. म्हणाला, लागू देत दादा, मी कुठे पळत चाललोय?"

एकवीस वर्षांत ताबुची-सानांनी केलेला विनोद म्हणावा तर तेवढाच, आणि तोही भावाचा. पण त्या दिवशी त्यांनी उदोनवर जास्तीचा तळलेला तोफू घेतला होता. केइजीला पुन्हा एकदा आपल्या धक्क्याला बोट लावायची होती, आणि ते फक्त कॉम्प्युटरवर, त्या दांड्यानेच होणार होतं. आम्ही दोघंही त्या दोन वर्षांचे दिवस मोजायला लागलो होतो.

आता फोल्डरबद्दल सांगते.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट ठरवायची म्हणजे ती एका लाल फोल्डरमधून फिरते. कागद खालून निघतो आणि टेबलाटेबलावरून वर चढतो. पहिल्या पानावर चौकटींची ओळ, सर्वांत खालच्या माणसाची चौकट उजवीकडे टोकाला, सर्वांत वरच्याची डावीकडे. प्रत्येकाने आपल्या चौकटीत आडनावाचा लाल शिक्का उठवायचा. शिक्का सरळ मारायचा नाही. थोडा डावीकडे झुकवून मारायचा, म्हणजे वरच्या माणसाच्या शिक्क्यासमोर मान लवल्यासारखा दिसतो. हे कुठे लिहिलेलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारची बाई कानात सांगते, आणि मग जन्मभर सरळ शिक्का मारवत नाही. आणखी एक, फोल्डर आपल्या टेबलावर जेवणाच्या सुट्टीपलीकडे ठेवायचा नाही. पुढच्याचा खोळंबा होतो, आणि दुसऱ्याचा खोळंबा करणं याच्याइतकी लाज आमच्यात कशाचीच नाही.

त्या मंगळवारी फोल्डर माझ्या टेबलावर आला तेव्हा मी सातव्या यंत्राचा पंखा खोलून बसले होते. किताओजी-सान आदल्या दिवशी जाता जाता म्हणून गेले होते, "उद्या एक कागद येईल हं, जरा नजर टाका." असं ते प्रत्येक कागदाला म्हणतात. वर लिहिलं होतं: 'चौथ्या भागाच्या विक्रीच्या वाटेबाबत'. चौदा पानं. माझे हात काळे झाले होते. मी हात पुसले, माझ्या चौकटीत शिक्का मारला, व्यवस्थित तिरका, आणि फोल्डर ताबुची-सानांच्या टेबलावर सरकवला. उघडलासुद्धा नाही.

त्यांनी उघडला. पानं उलटल्याचा आवाज मला येत होता. मध्ये एकदा तो थांबला, बराच वेळ. चष्मा पुसल्याचं मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, पण त्यात काय नवल? मग शिक्क्याच्या डबीचं झाकण वाजलं. बाराच्या आधी फोल्डर किताओजी-सानांकडे गेला.

दहा दिवसांनी सूचनाफळ्यावर कागद लागला. चौथा भाग तीन वर्षं फक्त कन्सोलवर. कन्सोलवाल्या कंपनीने जाहिरातीचा सगळा खर्च उचलला होता आणि त्याबदल्यात तेवढी एक अट घातली होती. कॉम्प्युटर आवृत्ती: नाही. आमचा विभाग मार्चअखेर बंद. तीन वर्षांनी अट संपली तरी रोप लावायला माणूसच उरणार नव्हता.

मी फळ्यासमोर उभी होते. मला काहीच वाटलं नाही, हे मी खरं सांगते. हाताला बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर टाके घालतात आणि आपण बघत बसतो, तसं काहीसं. मग जागेवर आले आणि ताबुची-सानांवर ओरडले.

"तुम्ही वाचला होतात ना तो कागद?"

"वाचला."

"नवव्या पानावर होतं म्हणे."

"नवव्याच."

"मग शिक्का का मारलात?"

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तुमचा शिक्का आधीच होता, निशिवाकी-सान. मला वाटलं, तुम्ही वाचून मारला असेल."

आयुष्यभर अकरा यंत्रांतले बारीकसारीक बिघाड शोधले मी, आणि चौदा पानं उघडायचा मला कंटाळा आला होता.

मी तशीच उठून किताओजी-सानांकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ते गडबडून उभे राहिले, मला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नाही.

"खरं सांगू का निशिवाकी-सान," ते म्हणाले, "मी वाट बघत होतो. म्हटलं, कॉम्प्युटरवाले काहीतरी म्हणतील. एवढं जरी म्हणाले असते, की थांबा, यावर बोलू, तरी मी वर जाऊन भांडलो असतो. कन्सोलवाले एका वर्षावरही यायला तयार होते हो. पण तुमच्या विभागाचे दोन्ही शिक्के आले, तेही अगदी नीट झुकलेले. मग मी काय बोलणार? मीही मारला."

"आणि वरच्यांनी?"

"त्यांनी माझा बघितला."

चहा चांगला होता. मी तो पूर्ण प्यायले आणि आभार मानून आले.

मार्चअखेर अकराही कॉम्प्युटर भंगारवाला घेऊन गेला. आशिदा फळी पुसायला मदत करत होता. तो मला म्हणाला, "पहिल्या भागाचा कन्सोल आता दुकानात बघायलाही मिळत नाही. माझ्या घरचा मेलाय. मला माझाच गेम खेळायचा असेल, तर तुम्ही लावलेला कॉम्प्युटरवरचाच उरलाय." मी म्हटलं, "तो कोपरा राहिला बघ पुसायचा." ताबुची-सानांना कन्सोल विभागात अक्षरं तपासायला बसवलं. मला हिशेबखात्यात. एक वाजता ते उदोन खायला जायचे. जिन्यात भेटलो तर मान लववायचे, मीही लववायची.

चौथा भाग नोव्हेंबरात आला. पुढच्या शुक्रवारी ताबुची-सान माझ्या नव्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"रविवारी मोकळ्या आहात का? कन्सोल घेतलाय. पॅडची बटणं सगळी डाव्या हाताकडे घेता येतात का, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही."

अमागासाकीचं ते घर दोन खोल्यांचं. केइजी-सान खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर पांघरूण, समोर टेबलावर दांड्याचा खोका, पायाखाली पायटी. भावासारखेच दिसत होते, फक्त जिवंत. मला बघताच डाव्या हाताने केस सारखे केले.

"या बाई, या. तुम्हीच ना माझ्या दांड्याला पास करणाऱ्या? दादाने सांगितलं, भयंकर कडक आहात म्हणे."

"त्यांनी असं सांगितलं?"

"नाही हो, तो कसला सांगतोय! तुमचं नाव घेताना सरळ बसतो, त्यावरून कळलं."

ताबुची-सान वायरी जोडत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

मी आधी दांडा लावून पाहिला. पडद्यावर आलं: 'हे साधन ओळखता येत नाही.' दांडा आणि कन्सोल यांच्या मध्ये लावायचं एक डबडं बाजारात मिळायचं, तेही ताबुची-सानांनी आणून ठेवलं होतं. ते अर्धा मिनिट चाललं आणि तोच मजकूर पुन्हा आला. मग पॅड घेतला. बटणं बदलता येतील तेवढी डावीकडे आणली. तरी वेग आणि दिशा एकाच वेळी सांभाळायची तर दोन अंगठे हवेतच. मी दोन तास खटपट केली. नोकरीतही इतकी केली नसेल. शेवटी जे काही जमलं होतं ते त्यांच्या डाव्या हातात दिलं.

पडद्यावर समुद्र आला, आणि लांबून नागुशिमा. केइजी-सान पुढे वाकले. डोंगरावरच्या संत्र्याच्या बागा दिसल्या, मग तिकिटाची खिडकी, मग धक्का, आणि तो वाकलेला खांब.

"अरे, माझा खांब!" ते ओरडले. "दादा, माझा खांब काढलाय बघ. बाई, तो मी वाकवलेला बरं का. कप्तानाने आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं."

बोट धक्क्याकडे निघाली. त्यांनी अंगठ्याने वेग कमी केला, तर दिशा सुटली. दिशा धरायला अंगठा सरकवला, तर वेग राहिला तसाच. बोट धक्क्यावर आदळली, पेट्या घरंगळल्या, म्हाताऱ्या खाली बसल्या. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही. प्रत्येक वेळी चित्रातली ती म्हातारी उठून कप्तानाला वाकून म्हणायची, "आमच्यामुळे आपल्याला त्रास झाला." नवव्या वेळेनंतर त्यांनी पॅड हळूच मांडीवर ठेवला.

"कॉम्प्युटरवर कधी येणार?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं ना? थांबतो मी."

खोलीत केटलीचा आवाज येत होता.

"येणार नाही," ताबुची-सान म्हणाले.

"म्हणजे तीन वर्षं?"

"येणारच नाही."

केइजी-सान भावाकडे बघत राहिले. "कोणी ठरवलं हे?"

मी ताबुची-सानांकडे पाहिलं. 'कंपनीने' असं म्हणतील आणि सुटतील, मला खात्री होती. मी तेच म्हटलं असतं. त्यांनी चष्म्याला हात लावला आणि तसाच खाली घेतला.

"फोल्डर आला होता," ते म्हणाले. "मी शिक्का मारला."

"आधी माझा होता," मी म्हटलं. "मी तर वाचलाही नव्हता."

पडद्यावर बोट तशीच धक्क्याला घासत उभी होती. मग केइजी-सानांनी विचारलं,

"सरळ मारलास का तिरका?"

ताबुची-सान म्हणाले, "तिरका."

केइजी-सान हसले. चेहऱ्याचा डावा अर्धाच हसला.

"आमच्याकडेही आला होता," ते म्हणाले. "लाल नव्हता, निळा होता. 'दुपारच्या फेरीबाबत.' बोटीवरच फिरवला, सगळ्या खलाशांमधून. शेवटून दुसरी चौकट माझी. वाचला मी. दोनदा वाचला. कप्तान वाट बघत उभा होता, बोट सुटायची वेळ झालेली, लोकांचा खोळंबा होत होता." त्यांनी डावा हात दांड्याच्या मुठीवर ठेवला. "मीही तिरकाच मारला, दादा."

ताबुची-सानांचा चेहरा मी एकवीस वर्षं पाहिला होता. त्यावर काही हललेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"तू तर म्हणायचास, कंपनीने बंद केली," ते म्हणाले. "नऊ वर्षं तू त्यांना शिव्या देतोयस. मीही देतोय तुझ्याबरोबर."

"हो," केइजी-सान म्हणाले. "मला एकट्याला जमलं नसतं."

दोन वाजले होते. त्यांनी दांडा सवयीने पुढे ढकलला, आणि पडद्यावरची बोट जागची हलली नाही.